सरकारी तक्ते, हौशी नकाशे

मागच्या वेळी आपण माहिती अधिकाराच्या कायद्यापाशी थांबलो होतो. महाराष्ट्राने स्वतःचा कायदा २००२ साली केला आणि केंद्राचा २००५ साली आला, हे आपण पाहिलं. पण त्या केंद्रीय कायद्यातलं एक कलम आपण घाईत मागे टाकलं: कलम ४(१)(ख). कोणी अर्ज करण्याची वाट न बघता सतरा प्रकारची माहिती कार्यालयांनी आपणहून प्रसिद्ध करावी, तीही १२० दिवसांच्या आत, असं ते कलम सांगतं. आपल्याकडे गाजलं ते अर्ज करणं. दहा रुपयांचा स्टॅम्प लावायचा, तीस दिवस थांबायचं, मग अपील करायचं. 'आपणहून द्या' हा भाग कोपऱ्यातच पडून राहिला.

आज त्या कोपऱ्याचा इतिहास बघू. सरकारने माहिती मोकळी ठेवली, किंवा खरं तर नीट मोकळी ठेवलीच नाही, तेव्हा चार प्रोग्रामरांनी ती उचलून लोकांच्या उपयोगाचं काहीतरी केलं. त्यातलं टिकलं काय आणि बुडालं काय, हे बघायचं आहे. गोष्ट बरीचशी परदेशातली आहे. शेवटी आपल्या दारापर्यंत येऊ.

सुरुवात शिकागोपासून करू. साल २००५. गूगलचे नकाशे फेब्रुवारीत आले होते. आज बोटाने सरकवतो तो नकाशा तेव्हा नवलाईचा होता, पण त्यावर आपली खूण ठेवायची अधिकृत सोय नव्हती. एप्रिलमध्ये पॉल रॅडमाकर नावाच्या माणसाने त्या नकाशाची आतली यंत्रणा उलगडून त्यावर भाड्याच्या घरांच्या जाहिराती मांडून दाखवल्या. मे महिन्यात एड्रियन होलोवाटी या पत्रकार-प्रोग्रामरने शिकागो शहरातले गुन्हे तशाच नकाशावर मांडले. साइटचं नाव शिकागोक्राइम.

गंमत अशी की ही माहिती पोलिसांनी लपवलेली नव्हती. त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ती शोधता येत होती. पण एक पत्ता टाका, त्याच्या आसपासच्या घटना बघा, पुन्हा पत्ता टाका, अशी ती खिडकी होती. एखाद्या जुन्या कचेरीत कारकून रजिस्टर आपल्या हातात देत नाही, फक्त विचारलेली ओळ वाचून दाखवतो, तसं. होलोवाटीचा प्रोग्राम त्या खिडकीशी जाऊन सगळ्या ओळी गोळा करायचा. या उद्योगाला प्रोग्रामर मंडळी 'स्क्रेपिंग' म्हणतात. आपल्याकडे दुधाच्या भांड्याची खरवड काढतात ना, तेच काम. मग त्याने प्रत्येक रस्त्याला, प्रत्येक पोलीस बीटला, प्रत्येक गुन्ह्याच्या प्रकाराला स्वतंत्र पान दिलं. आपल्या गल्लीचं पान उघडायचं, एवढंच काम राहिलं. पुढे २०११ मध्ये शिकागो शहराने २००१ पासूनच्या गुन्ह्यांची अख्खी नोंदवहीच उतरवून घेण्यासाठी ठेवली. म्हणजे खरवड काढायची गरज सरली. पण ते सहा वर्षांनी.

होलोवाटीला २००७ मध्ये नाइट फाउंडेशनकडून अकरा लाख डॉलरचं अनुदान मिळालं. त्यातून एव्हरीब्लॉक उभं राहिलं: गुन्हे, बांधकाम परवाने, हॉटेलांच्या तपासण्या, सगळं गल्लीनिहाय. २००९ मध्ये एका मोठ्या वृत्तसंस्थेच्या संकेतस्थळाने ते विकत घेतलं आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये ते एका दिवसात बंद झालं. रोज तिथे येऊन आपल्या वस्तीबद्दल बोलणाऱ्या लोकांना सकाळी फक्त निरोपाची चिठ्ठी दिसली. पुढे वर्षभराने दुसऱ्या हातांत गेल्यावर शिकागोपुरतं ते परत सुरू झालं, तेही टिकलं नाही. माहिती सार्वजनिक होती, नकाशा मात्र खाजगी मालकीचा होता. ही खूणगाठ बांधून ठेवू.

आता इंग्लंडात जाऊ. इथे जरा रेंगाळणार आहोत, कारण ही गोष्ट आम्हाला स्वतःला फार आवडते.

इंग्लंडमध्ये २००३ साली मायसोसायटी नावाची संस्था निघाली, आणि २००४ पासून दे-वर्क-फॉर-यू ही साइट चालू झाली. नावाचा अर्थच 'ते तुमच्यासाठी काम करतात'. आपला खासदार संसदेत काय बोलला, कुणीकडे मत दिलं, हे साध्या पानावर. २००७ मध्ये आलं फिक्समायस्ट्रीट. रस्त्यातला खड्डा, बंद दिवा, फुटलेला फुटपाथ. नकाशावर बोट ठेवा, तक्रार नेमक्या त्या भागाच्या कौन्सिलकडे जाते. या सगळ्याची पहिली पायरी कोणती? माणसाला विचारायचं: तुम्ही राहता कुठे? इंग्रज माणूस याचं उत्तर पोस्टकोडने देतो. त्यांचा पोस्टकोड आपल्या पिनकोडपेक्षा खूप बारीक असतो, एका कोडात जेमतेम एखाद्या गल्लीतली घरं. असे सतरा-अठरा लाख कोड.

तर अडचण काय, की कोणता पोस्टकोड नकाशावर कुठे, ही यादी फुकट नव्हती. ती रॉयल मेलची मालमत्ता. कंपन्या पैसे भरून घेत. पण चार हौशी पोरं रात्री बसून नोकरीच्या जाहिरातींचा किंवा बांधकाम अर्जांचा नकाशा करणार, ती कुठून भरणार? म्हणून २००९ मध्ये दोघा प्रोग्रामरांनी एक सेवा सुरू केली: पोस्टकोड द्या, अक्षांश-रेखांश घ्या. तिला नाव दिलं अर्नेस्ट मार्पल्स. हे मार्पल्स साहेब १९५७ ते १९५९ ब्रिटनचे पोस्टमास्टर जनरल होते आणि पोस्टकोडची सुरुवात त्यांच्याच काळातली. ज्याने लोकांसाठी कोड आणला, त्याच्याच नावाने लोकांना कोड मोफत, अशी ती टपली होती. (मार्पल्स स्वतः काही साधुपुरुष नव्हते, १९७५ मध्ये कराच्या भानगडीत देश सोडून मोनाकोला गेले. पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.)

ऑक्टोबर २००९ मध्ये वकिलांचं पत्र आलं. सेवा बंद करा. झाली बंद. तिच्यावर उभ्या असलेल्या साइट्सही आडव्या पडल्या; त्यांत प्लॅनिंगअलर्ट्स होती, घराशेजारी काय बांधकाम येतंय याची सूचना देणारी, आणि एक जवळपासच्या नोकऱ्या दाखवणारीही होती. तेव्हा ब्रिटनमध्ये मंदी होती. लोकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, आणि नोकऱ्या शोधून देणारी साइट एका यादीपायी बंद पडली, हे कुणालाच शोभलं नाही. गार्डियन वृत्तपत्राने २००६ पासूनच 'आमची माहिती मोकळी करा' अशी मोहीम चालवली होती. तिला आता हातात धरून दाखवता येईल असं उदाहरण मिळालं. १ एप्रिल २०१० रोजी ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याने बरेच नकाशे मोफत केले, आणि त्यात पोस्टकोड कुठे आहे हे सांगणारी यादीही होती. वकिलांच्या पत्रापासून अवघ्या सहा महिन्यांत!

पण जरा थांबू. कोडांचे बिंदू मोकळे झाले, घरोघरच्या पत्त्यांची मोठी यादी मात्र झाली नाही. २०१३ मध्ये रॉयल मेलचं खाजगीकरण झालं तेव्हा ती यादी कंपनीबरोबरच गेली. पुढच्या वर्षी संसदेच्या समितीने ती चूक होती असा ठपका ठेवला. तोवर विक्री होऊन गेलेली. वरात गेल्यावर घोडं, दुसरं काय.

इथे एक आपल्याकडची आठवण. भारतात पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ रोजी, आणि त्याची रचना केली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. रत्नागिरी जिल्ह्यातले, संस्कृतचे पंडित आणि कवी, टपाल खात्यातले अधिकारी. सारख्या नावांची गावं, निरनिराळ्या लिप्या, न वाचता येणारी अक्षरं, यांतून पत्र वाट काढत जावं म्हणून सहा आकडे. त्यांची यादी आज केंद्राच्या डेटा पोर्टलवर कुणालाही उतरवून घेता येते. त्या यादीपायी आपल्याकडे वेलणकरांच्या नावाची साइट काढायची वेळ कुणावर आली नाही, याचं श्रेय घ्यायला हरकत नाही.

अमेरिकेत याच काळात दोन गोष्टी घडल्या, त्या भराभर सांगतो. डिसेंबर २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सेबास्टोपोल गावी तीसेक माणसं जमली. टिम ओरायली, कार्ल मालामुड, लॉरेन्स लेसिग, आरन स्वॉर्ट्झ होते, आपला होलोवाटीही होता. त्यांनी आठ तत्त्वं लिहिली. माहिती पूर्ण असावी, मूळ स्वरूपात असावी, वेळेवर मिळावी, यंत्राला वाचता यावी, वगैरे. यातलं यंत्राला वाचता येणं हे आपल्याकडच्या लोकांनी दहादा म्हणून बघावं, कारण आपल्या कचेऱ्या अजूनही टंकलेला तक्ता छापतात, त्यावर शिक्का मारतात, आणि मग त्याचा फोटो काढून पीडीएफ म्हणून चढवतात.

दुसरी गोष्ट वॉशिंग्टनची. २००८ च्या शरदात तिथले मुख्य तंत्रज्ञान अधिकारी विवेक कुंद्रा यांनी स्पर्धा लावली. खर्च पन्नास हजार डॉलर, मुदत तीस दिवस. शहराची माहिती घ्या आणि अ‍ॅप बनवा. ४७ अ‍ॅप्स आली. हीच कामं कंत्राटाने करून घेतली असती तर वीस लाखांहून जास्त डॉलर लागले असते, असा हिशोब आयोजकांनी मांडला आणि जगभर तो गाजला. कुंद्रा दिल्लीत जन्मलेले. ओबामांनी त्यांना केंद्रात नेलं, आणि मे २००९ मध्ये अमेरिकन सरकारचं डेटा पोर्टल सुरू झालं, सुरुवातीला ४७ संचांनिशी. पण वॉशिंग्टनमध्ये कुंद्रांच्या जागी आलेल्या अधिकाऱ्याने २०१० मध्ये ती स्पर्धाच थांबवली. ती अ‍ॅप्स शहराच्या रोजच्या गरजेला फारशी लागत नव्हती. रात्री बारमधून घरी चालत जाण्याचा सुरक्षित रस्ता दाखवणारं एक अ‍ॅप होतं. छानच होतं. पण ते करणाऱ्या लोकांचं वय आणि राहणं त्यावरून कळतं की नाही? करणाऱ्याला जी अडचण येते तिचंच अ‍ॅप होतं. रेशनच्या रांगेतल्या बाईचं होत नाही.

मग टिकलं काय? टिकलं वेळापत्रक.

ओरेगॉन राज्यात पोर्टलंड नावाचं मध्यम आकाराचं शहर आहे. तिथल्या ट्रायमेट या बससेवेत बिबियाना मॅक्ह्यू या बाई माहिती विभागात काम करत. परगावी गेल्यावर त्यांना जाणवलं की मोटारीने कसं जायचं हे इंटरनेटवर क्षणात कळतं, पण बसने कसं जायचं ते शोधताना नाकी नऊ येतात. २००५ मध्ये त्यांनी नकाशा कंपन्यांचे दरवाजे ठोठावले. गूगलमध्ये क्रिस हॅरल्सन नावाचा इंजिनियर फावल्या वेळात नेमकं हेच करू बघत होता. डिसेंबर २००५ मध्ये पोर्टलंडच्या बसगाड्या गूगलच्या प्रवास-नियोजकात आल्या. सप्टेंबर २००६ मध्ये आणखी पाच शहरं. आणि त्यासाठी वापरलेली मांडणी त्यांनी सगळ्यांसाठी खुली केली.

ही मांडणी बघण्यासारखी आहे, कारण तिच्यात काहीही भारी नाही. साध्या मजकुराच्या चार-सहा फाइली. एकीत थांबे, एकीत मार्ग, एकीत फेऱ्या, एकीत कुठली फेरी कुठल्या थांब्यावर किती वाजता, एकीत कोणत्या वारी काय चालतं. बस डेपोतला टाइमकीपर हातात पान घेऊन समजू शकेल इतकं सोपं. पण आत शहाणपण आहे. मध्यरात्रीनंतरची गाडी कशी लिहायची? आपल्या मुंबईच्या शेवटच्या लोकलचा विचार करा. रात्री साडेबाराला सुटणारी गाडी तारखेने उद्याची, पण फलाटावर धावणाऱ्या माणसाच्या लेखी ती आजचीच. या मांडणीत तिची वेळ २४:३० लिहितात. पहाटे १:३५ असेल तर २५:३५. दिवस चोवीस तासांचा असतो हा आग्रह सोडला की प्रश्न मिटतो. सणासुदीचे फेरफार वेगळ्या फाइलीत लिहायचे. आपला रविवारचा मेगाब्लॉकही त्यात बसतो.

सगळेच काही पोर्टलंडसारखे शहाणे नव्हते. न्यूयॉर्कच्या रेल्वेने २००९ मध्ये एका अ‍ॅपवाल्याकडे वेळापत्रकाच्या स्वामित्वहक्कापोटी पैसे मागितले होते. गाडी किती वाजता सुटते याची मालकी! बराच बोभाटा झाला आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला त्यांनीच माहिती खुली केली. आपल्याकडे दिल्लीच्या बसगाड्यांची माहिती २०१८ मध्ये याच मांडणीत खुली झाली. मुंबईकरांच्या फोनमध्ये मात्र त्याच्या कितीतरी आधी एम-इंडिकेटर होतं. त्यावर लोकलची वेळ बघून जिना उतरलेली माणसं या श्रोत्यांत निम्मी तरी असतील.

वेळापत्रक टिकलं याचं कारण आमच्या मते अगदी घरगुती आहे. बससेवेला वेळापत्रक स्वतःसाठी लागतंच. ते चुकलं तर उद्या सकाळी ड्रायव्हरच गोंधळेल. त्यामुळे ती माहिती ताजी ठेवणारा पगारी माणूस आधीच होता. बाकीच्या बऱ्याच तक्त्यांना तसा धनी नसतो. एकदा कुणी साहेब येतो, चढवतो, बदली होते, संपलं.

आता जरा कडू भाग. माहिती मोकळी झाली की लोकांचं भलं होतं, हे आपण गृहीत धरून चाललो आहोत. कुणाचं?

कर्नाटकात भूमी नावाचा प्रकल्प झाला. आपल्या सातबाऱ्यासारखे तिथले पहाणी उतारे, सुमारे दोन कोटी, संगणकावर घेतले. पंधरा रुपये देऊन तालुक्याच्या खिडकीवर उतारा. तलाठ्याच्या मागे फिरणं बंद. देशभर कौतुक झालं, आणि ते खोटं नव्हतं. पण २००७ मध्ये सोलोमन बेंजामिन आणि सहकाऱ्यांनी बेंगळुरूच्या आसपास जाऊन पाहणी केली. त्यांचं म्हणणं असं पडलं की भ्रष्टाचार गेला नाही, वर सरकला. आणि गावोगावच्या जमिनी एका ठिकाणी बसून शोधता आल्याने मोठ्या खरेदीदारांची सोय झाली. आधी ज्या जमिनीची नोंद फक्त गावाला समजे, ती आता वकील आणि सर्वेअर पदरी असलेल्या कंपनीला समजू लागली. कागद सगळ्यांना सारखाच दिसत होता, पण तो वाचून पुढचं पाऊल टाकायची ऐपत सारखी नव्हती. कॅनडाचे मायकेल गर्स्टीन यांनी खुल्या माहितीच्या उत्साहाला पहिला मोठा आक्षेप घेतला तो याच पाहणीचा आधार घेऊन.

याच्यासमोर ओहायो राज्यातलं झेन्सव्हिल ठेवा. त्या शहराच्या कडेला कोल रन नावाची वस्ती, बहुतेक घरं कृष्णवर्णीयांची. आजूबाजूला नळ आले, कोल रनला जवळपास पन्नास वर्षं नाहीत. जुन्या कोळसा खाणींमुळे विहिरीचं पाणी खराब. लोक पावसाचं पाणी साठवत, गाड्यांतून पाणी आणत. रहिवाशांनी दावा लावला. नळजोडण्यांची माहिती आणि कुठल्या घरात कोण राहतं ही माहिती एका नकाशावर मांडली गेली, आणि पाण्याची रेघ कुठे थांबते ते कुणालाही दिसलं. जुलै २००८ मध्ये ज्यूरीने ६७ जणांना मिळून एक कोटी नऊ लाख डॉलरच्या आसपास भरपाई दिली. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली २०१० मध्ये खुल्या माहितीचं उदाहरण म्हणून हा नकाशा व्यासपीठावर दाखवत होते. तो नकाशा बोलका होताच. पण त्याच्यामागे वर्षानुवर्षं तक्रार लावून धरणारी माणसं होती, आणि वकील होते. कोल रनला अ‍ॅप कुणी दिलं नव्हतं.

आपल्या देशात खुल्या माहितीचं केंद्रीय धोरण मार्च २०१२ मध्ये आलं, त्याच वर्षी डेटा पोर्टल आलं. पण आमचा अनुभव विचाराल तर भारतातली खरी नागरी कामं पोर्टलच्या बाहेर झाली. उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रांचं बघा. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, २००३ मध्ये तो पक्का केला: उमेदवाराने गुन्हे, मालमत्ता, शिक्षण जाहीर करायचं. ती प्रतिज्ञापत्रं आली ती हाताने भरलेली, नोटरीचे शिक्के मारलेली, महाराष्ट्रात बरीचशी मराठीत. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेने ती एकेक वाचून तक्त्यांत भरली आणि मायनेता साइटवर ठेवली. मतदानाच्या आदल्या दिवशी वर्तमानपत्रांत 'इतके उमेदवार कोट्यधीश' अशी बातमी येते ना, तिच्या तळाशी हा हातमजुरीचा भाग असतो.

आणि मग २०२० चा मार्च. कोविड-१९ इंडिया ही साइट स्वयंसेवकांनी सुरू केली. सरकारकडून जिल्हावार, यंत्राला वाचता येईल अशी एकत्र माहिती येत नव्हती. प्रत्येक राज्याचं बुलेटिन वेगळं: कुणाचं पीडीएफ, कुणाचं चित्र, कुणाचं ट्विट. स्वयंसेवक संध्याकाळपासून बसत, आकडे उतरवत, पडताळत आणि रोज सगळ्यांना उचलता येतील असे ठेवत. वर्तमानपत्रं तेच वापरत, संशोधक तेच वापरत, आपण घरी बसून तेच बघत होतो.

त्या तक्त्यात महाराष्ट्राच्या ओळीवर एक तारीख आहे, १६ जून २०२०. त्या दिवशी राज्याने आधी नोंदायचे राहिलेले १,३२८ मृत्यू एकदम जाहीर केले. त्यातले ८६२ मुंबईचे. आता हे कसं मांडायचं? जाहीर झाले त्या दिवशी टाकले तर आलेखावर एक भयंकर सुळका दिसतो, त्या एका दिवसात माणसं मेल्यासारखा. मागच्या तारखांना वाटून टाकावेत, तर कुठल्या तारखेला किती हे बुलेटिन सांगत नाही. आठ तत्त्वांपैकी 'पूर्ण' आणि 'वेळेवर' ही दोन तत्त्वं इथे एकाच आकड्यात अडकून पडलेली दिसतात. मंत्रालयातला सचिव हा प्रश्न सोडवू शकला असता, कारण मूळ कागद त्याच्याकडे होते. रात्री अकरा वाजता फोनवर बुलेटिन मोठं करून वाचणाऱ्या मुलाकडे ते नव्हते.

ऑगस्ट २०२१ मध्ये त्या गटाने जाहीर केलं की हे काम आता आपल्याच्याने पुढे होणार नाही. ३१ ऑक्टोबर २०२१ ला त्यांनी नोंदी थांबवल्या, तोवरचा सगळा साठा उतरवून घेण्यासाठी मोकळा ठेवला. पुढचे आकडे कुणाला भरायचे असतील तर साचाही तिथेच ठेवला होता.

वेळ संपत आली आहे. प्रश्न घेऊ. मागे कुणीतरी हात वर केला होता, सातबाऱ्याच्या वेळी.